फवारणीच्या तक्त्याखाली एक ओळ छापा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला पुरुषांच्या वंध्यत्वावरचा लेख वाचला आणि राहवलं नाही. घट्ट पँट, मांडीवरचा लॅपटॉप, सिगारेट, जागरणं, सगळं आलं. 1973 ते 2011 या काळात पाश्चात्त्य पुरुषांमधली शुक्रजंतूंची संख्या निम्म्याहून खाली आली, तेही आलं. पण मूल पोटात असताना आणि लहानपणी अंगात गेलेल्या रसायनांबद्दल चकार शब्द नाही. सगळं खापर त्या पोरांच्या सवयींवर.

शुक्रजंतूंना पोसणाऱ्या सर्टोली पेशी किती असणार, हे गर्भात आणि पुढे वयात येईपर्यंत ठरून जातं. एकेक पेशी ठरावीक शुक्रजंतूच पोसू शकते. मुलग्याच्या अवयवांची घडण ठरते ती साधारण आठव्या ते चौदाव्या आठवड्यात. त्या दिवसांत संप्रेरकांच्या कामात ढवळाढवळ करणारं काही आईच्या अंगात गेलं असेल, तर तिशीत लॅपटॉप खाली ठेवून ते भरून येणार आहे का?

हे मला माहीत आहे, कारण आमच्या घरात ते भोगून झालं आहे. 1988 च्या मार्गशीर्षात मला तिसरा महिना होता आणि काजूवर ढेकण्या ही कीड पडली होती. पंप घरातले पुरुष मारत, औषध कालवायचं काम माझं. आम्ही त्याला औषधच म्हणायचो. एंडोसल्फान या कीटकनाशकाची तपकिरी धार पिंपात पडली की पाणी ताकासारखं पांढरं व्हायचं. काठी आखूड, हात कोपरापर्यंत भिजायचा, तो मी पदराला पुसायचे. रिकामा डबा राखेने घासून न्हाणीत पाण्याला ठेवला. ज्येष्ठात मुलगा झाला. त्याच डब्यातलं पाणी अंगावर घेत तो मोठा झाला.

त्याच्या लग्नानंतर मूल होईना. शहरातल्या एका केंद्रात तीन वर्षं फक्त सुनेच्या तपासण्या चालल्या. नळ्या तपासल्या, दुर्बीण झाली, इंजेक्शनं झाली. मग कधीतरी मुलाला बोलावलं. रिपोर्टात दर मिलिलिटरला 30 लाख शुक्रजंतू. किमान 1 कोटी 60 लाख लागतात म्हणे. तोवर त्या पोरीने हळदीकुंकवाला जाणं सोडलं होतं. आणि तुमच्या लेखाला चित्र कुणाचं? खिडकीशी मान खाली घालून बसलेल्या बाईचं! लेख पुरुषांवरचा आणि तोंड पाडून बसायची ती बाईच?

माझ्या मुलाच्या बाबतीत एंडोसल्फानच कारण, असं मी म्हणत नाही. ते कुणी डॉक्टरही छातीठोक सांगणार नाही. पण केरळातल्या कासरगोडच्या पद्रे गावात काजूच्या बागांवर वीस वर्षांहून जास्त काळ हेलिकॉप्टरने हेच औषध फवारलं. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने तिथले 117 मुलगे तपासले. 2003 मध्ये ते प्रसिद्ध झालं. लांबच्या गावातल्या मुलांच्या मानाने तिथली मुलं उशिरा वयात येत होती आणि त्यांच्या रक्तात टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक कमी होतं. 2011 साली सर्वोच्च न्यायालयाने एंडोसल्फान बंद केलं. पीक तेच, औषध तेच, आणि आमच्यापर्यंत यातलं काही पोचलं नाही.

आता मुद्द्याचं. तुमच्या शेतीच्या पानावर दर आठवड्याला फवारणीचा तक्ता असतो. 10 लिटर पाण्याला किती मिली, अगदी चोख. गरोदर बाईने औषध कालवू नये, पोरांना पंपाजवळ फिरकू देऊ नये, रिकामा डबा घरात वापरू नये, एवढी ओळ त्याखाली छापायला जागा का नसावी? परवा आमच्या वाडीत पाचवा महिना चालू असलेली मुलगी पिंपाशी काठी घेऊन उभी होती. मी तिला घरी पाठवलं. तिचा नवरा दर आठवड्याला तुमचा तक्ता कापून पडवीच्या भिंतीला चिकटवतो.

– एक वाचक, राजापूर तालुका
(कृपया नाव छापू नये.)