‘उपाशी या’ म्हणजे नेमके काय?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

माझी आई ७१ वर्षांची. गेल्या हिवाळ्यात तिच्या उजव्या गुडघ्याच्या सांधेरोपणाची तारीख ठरली. सर्जन पुण्याहून दर गुरुवारी साताऱ्याला येतात, म्हणून गुरुवार. आदल्या संध्याकाळी हॉस्पिटलमधून फोन आला, “सकाळी सातला या, पेशंटला उपाशी आणा.” मी आईला तेच सांगितले. सकाळी ॲडमिट झालो, गाऊन चढवून झाला, हाताला सलाईनची सुई लागली, आणि भूलतज्ज्ञ मॅडमनी जाता जाता विचारले, “आजी, सकाळपासून काही घेतलं नाही ना?” आई म्हणाली, “नाही हो, नुसता चहा आणि राजगिऱ्याचा एक लाडू. गुरुवार आहे ना, उपास असतो माझा.”

ऑपरेशन रद्द. पुढचा गुरुवार.

मी तिथेच आईवर डाफरले, “अगं, उपाशी म्हणजे उपाशी!” त्यावर ती शांतपणे म्हणाली, “मग उपाशीच होते की. जेवले कुठं?” चाळीस वर्षे दत्ताचा गुरुवार धरणाऱ्या बाईचे काय चुकले, हे मला आजही सांगता येणार नाही. आपल्या घरात उपाशी माणूस चहा घेतो, साबुदाणा खातो, शेंगदाण्याचा लाडू खातो. फोन करणाऱ्या मुलीच्या घरीही असेच असणार. पण फोनवर बोलताना ती हॉस्पिटलची भाषा बोलत होती आणि आम्ही घरची ऐकत होतो.

मॅडमनी नंतर बाहेर येऊन जे समजावले, ते आदल्या दिवशी दोन मिनिटांत सांगता आले असते. भूल चढली की घशाची राखण सुटते, ठसका लागत नाही. पोटात काही असेल तर ते वर येऊन श्वासनलिकेत आणि फुफ्फुसात उतरू शकते, आणि ते जिवावर बेतते. गुडघ्याला भूल पाठीच्या मणक्यात देतात हे खरे, पण ऐन वेळी पूर्ण भूल द्यावी लागली तर? म्हणून पोट रिकामे हवेच. साधारण नियम असा की हलके खाणे ६ तास आधी बंद, तेलकट-तुपकट किंवा मटण वगैरे असेल तर ८ तास, आणि साधे पाणी मात्र बहुतेकांना २ तास आधीपर्यंत चालते. दुधाचा चहा पाण्यात मोडत नाही, त्यालाही ६ तासच धरायचे. ही गोष्ट मला पन्नाशीत कळली, आणि मी बँकेत रोज शंभर लोकांना नियम समजावते.

याच्या उलटही पाहिले. शेजारच्या कॉटवरचे आजोबा रात्री नऊपासून पाण्याचा थेंब न घेता दुपारी दीडपर्यंत पडून होते, कारण त्यांचा नंबर शेवटचा होता. ओठ सुकलेले, चिडचिड चाललेली. त्यांना ‘उपाशी’चा अर्थ निर्जळी असा सांगितला होता. एकाच शब्दाने एकाच वॉर्डात एकीला लाडू दिला आणि दुसऱ्याला तहानेने बेजार केले.

ते मधले आठ दिवस मात्र वाया गेले नाहीत. त्याच मॅडमनी आम्हाला पुन्हा बोलावून तपासले. पहिल्या वेळी हाताखालच्या डॉक्टरांनी फॉर्म भरून घेतला होता. “तंबाखू, सिगारेट?” मीच ठामपणे ‘नाही’ म्हटले होते. मॅडमनी विचारले, “आजी, मशेरी लावता?” आई म्हणाली, “लावते की, सकाळ-संध्याकाळ.” मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखूच, हे मला ठाऊक नव्हते असे नाही. पण आमच्या घरी तंबाखू बाप्ये खातात आणि बायका दात घासतात! तंबाखूने रक्तवाहिन्या आकसतात, जखम भरायला वेळ लागतो, म्हणून शक्य तर चार आठवडे आधीच तो सुटलेला बरा. आमच्या हातात आठच दिवस होते. तेवढ्यात जमेल तेवढे तिने केले, आणि आमच्या कपाळावर आठ्या आणल्या.

तसेच औषधांचे. “काही गोळ्या चालू आहेत?” याला आईचे उत्तर “बीपीची एक.” डॉक्टरने दिलेली तेवढीच तिच्या लेखी गोळी. मग मॅडमनी सांगितले की डबाच घेऊन या. डबा निघाला तो स्टीलचा, पूर्वी लाडूंचा. त्यात बीपीची गोळी होती, हृदयासाठी म्हणून दोन वर्षांपूर्वी सुरू केलेली रक्त पातळ करणारी बारीक गोळी होती, गुडघा ठणकला की मेडिकलमधून सांगून आणलेल्या गोळ्यांची अर्धी पट्टी होती, आणि वैद्यांची एक पुडी, जिच्यावर काहीच लिहिलेले नव्हते. रक्त पातळ करणारी गोळी कधी थांबवायची, थांबवायची की नाही, हे ज्याच्या-त्याच्या हृदयावर अवलंबून असते. स्टेंट घातलेल्या माणसाने ती आपल्या मनाने बंद केली तर भलतेच होऊन बसेल. बीपीची गोळी बहुधा ऑपरेशनच्या सकाळीही घोटभर पाण्याबरोबर घ्यायला सांगतात, साखरेची सहसा नाही. हे ठरवणे डॉक्टरांचे काम, पण डबा त्यांच्यासमोर उघडणे आपले. “ॲलर्जी?” यालाही आधी ‘नाही’च होते. “कुठल्या गोळीने अंगावर गांधी उठल्या होत्या का?” असे विचारल्यावर तिला लगेच १५ वर्षांपूर्वीची गोष्ट आठवली.

आता संमतिपत्र. चार पाने, सगळी इंग्रजीत, आणि सही घ्यायची वेळ कुठली, तर स्ट्रेचर दाराशी लागल्यावर. समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००८ सालीच सांगून ठेवले आहे की उपचार काय, त्यातले धोके काय, दुसरे पर्याय काय हे रुग्णाला समजेल असे सांगून मगच संमती घ्यायची, आणि एका गोष्टीसाठी दिलेली संमती दुसऱ्या गोष्टीला चालवायची नाही. आईने चष्मा घरी ठेवला होता, कारण ‘मौल्यवान वस्तू आणू नका’ असे सांगितले होते. दुसऱ्या खेपेला मी ती पाने दोन दिवस आधी मागून घेतली. देताना कुरकुर झाली, पण दिली. रात्री जेवणानंतर तिला वाचून दाखवली. तिने दोनच प्रश्न विचारले: पायाची बोटे हलतील ना, आणि मांडी घालता येईल का. दुसऱ्याचे उत्तर सर्जनने खरे दिले, की बहुतेक नाही, आणि ती अर्धा तास गप्प होती. जमिनीवर बसून देवपूजा करणाऱ्या बाईला हे ऑपरेशनच्या आधी कळायला नको? आता पूजा चौरंगावर वर घेतली आहे.

पैशांविषयी थोडक्यात. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्राच्या औषध किंमत प्राधिकरणाने गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांच्या किमतीवर मर्यादा घातली; नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमियम सांध्याची तेव्हाची कमाल किंमत ५४,७२० रुपये, वर जीएसटी. बिलात सांध्याची कंपनी, बॅच नंबर आणि किंमत वेगळी लिहून मागा, ते द्यावे लागते. मेडिक्लेमवाल्यांना सांगते, विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या आयआरडीएआयच्या मे २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे कॅशलेसची मंजुरी एका तासात आणि डिस्चार्जच्या वेळची तीन तासांत मिळायला हवी. आमच्या डिस्चार्जचा कागद सकाळी अकराला तयार होता आणि आम्ही रात्री सव्वाआठला रिक्षात बसलो. दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणे राज्याच्या २०२१ च्या सुधारित नियमांप्रमाणे बंधनकारक आहे. इथे सनद लावली होती, तिच्यासमोर वॉटर कूलर होता.

घरची तयारी कुणीच सांगत नाही, ती शेजारणीने सांगितली: कमोडची खुर्ची भाड्याने मिळते, मोरीत रबरी मॅट टाका, पायपुसणी आठवडाभर उचलून ठेवा, खाली गादी घालून झोपवू नका. बांगड्या आणि जोडवी घरीच काढा, आयत्या वेळी साबण लावून ओढाताण होते. कवळीला झाकणाची डबी न्या. आमची टिश्यू पेपरात गुंडाळलेली कवळी सफाईच्या मावशींनी कचऱ्यातून परत आणून दिली, त्यांचे उपकार.

माझी मागणी मोठी नाही. तारीख ठरते त्याच दिवशी रुग्णाच्या हातात मराठीत एक कागद द्यावा, मोठ्या टायपात. त्यात घड्याळाची वेळ असावी, ‘मशेरी’ हा शब्द असावा, ‘गोळ्यांचा डबा आणा’ असे असावे. आणि ‘उपाशी या’ खोडून तिथे लिहावे: ‘रात्री अमुक वाजल्यानंतर खायचे काही नाही, चहा-दूध नाही, उपासाचेसुद्धा नाही. पाणी अमुक वाजेपर्यंत चालेल.’

आपली,
एक वाचक, सातारा