वायू नव्हे, वाळू!

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

दिवाळीची सुट्टी लागली की अलिबाग, नागाव, काशीदच्या पुळणीवर घोडे आणि घोडागाड्यांची वर्दळ सुरू होते. घोड्याचं पोट धरलं की बहुतेक ठिकाणी हिंग, ओवा, सुंठ नि काळ्या मिठाचं चूर्ण पुढे येतं. ओव्याशी आमचं वैर नाही. पण किनाऱ्यावरच्या घोड्याच्या पोटात वायूइतकीच वाळूचीही शक्यता असते, आणि वाळू चूर्णाने हलत नाही.

वाळूवर टाकलेला चारा खाताना वाळूही पोटात जाते. ती मोठ्या आतड्याच्या तळाशी साचते आणि अस्तर घासते. आधी लीद पातळ होते, घोडा वजनाने उतरतो आणि कधी वाटच तुंबते. तपासायला सोपं आहे. जमिनीला न लागलेले लिदीचे पाच-सहा गोळे पारदर्शक पिशवीत लिटरभर पाण्यात कालवा आणि पिशवी पंधरा मिनिटं टांगून ठेवा. तळाशी चमचाभर वाळू बसली तर समजून जा. मात्र वाळू दिसली नाही म्हणून पोट स्वच्छ आहे, असं मानू नये. छातीच्या हाडामागे पोटाखाली चार-पाच मिनिटं कान लावला, तर कधी कधी चक्क लाटेसारखी सळसळ ऐकू येते.

वनस्पतींपैकी इथे उपयोगाचा म्हणजे इसबगोल, तोही मापात. वजनाच्या दर किलोला 1 ग्रॅम भुसी, म्हणजे 300 किलोच्या घोड्याला दिवसाला 300 ग्रॅम. असं सात दिवस. आपल्या घरातल्या चमचा-दोन चमच्यांनी काही होत नाही. भुसी आधी भिजवून ठेवली की तिचा चिकट लगदा होतो आणि घोडा तोंड फिरवतो. म्हणून ओलसर कोंड्यात थोडं तेल घालून ऐनवेळी कालवावी आणि लगेच पुढ्यात ठेवावी. साखर घातलेलं सुगंधी पाकीट नको. रोज बाराही महिने दिलं तर आतड्यातले जंतूच भुसी पचवायला शिकतात, म्हणून महिन्यातून एकच आठवडा.

घोडा लोळत असेल, पोटाकडे वळून बघत असेल, लीद थांबली असेल, तर चारा नि इसबगोल दोन्ही बंद करून पशुवैद्यकाला बोलवा. शांत उभ्या घोड्याची नाडी मिनिटाला 28 ते 44 असते. 60 च्या वर गेली तर एक क्षणही दवडू नये. बाटलीने किंवा नळकांड्याने काढा ओतणं तर नकोच. तो फुप्फुसात उतरला तर पोटाचं दुखणं राहतं बाजूला आणि न्यूमोनिया होतो.

खरं काम चारा वाळूवरून उचलण्याचं आहे. जुन्या टायरमध्ये घमेलं बसवलं की ते कलंडत नाही. खाली रबरी चटई टाकावी, म्हणजे सांडलेलं वाळूत जात नाही. मासेमारीच्या जुन्या जाळ्यात चारा टांगू नये, त्यात खूर अडकतो. रोज 30 ते 50 ग्रॅम साधं मीठ द्यावं. मिठाला आसुसलेला घोडा खारी वाळू चाटू लागतो. 

किनाऱ्यालगतच्या ग्रामपंचायतींना एक विनंती. घोड्यांच्या थांब्याजवळ गोड्या पाण्याचा नळ द्यावा. उन्हात राबणाऱ्या घोड्याला दिवसाला 25 ते 40 लिटर पाणी लागतं, आणि पाणी कमी पडलं तर इसबगोलसुद्धा पोटात गोळा होऊन बसतो.

कळावे,
एक वाचक, रेवदंडा