पाचशेच्या बॉण्डवर सत्यप्रतिज्ञा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला ‘गॅप इयर’वरचा लेख वाचला. छान होता. बारावीनंतर वर्षभर थांबा, फिरा, गिटार शिका, स्वतःला ओळखा आणि ताजेतवाने होऊन कॉलेजात या, असं लेखकमहोदय सुचवतात. सोबत पाठीला सॅक लावून डोंगराकडे बघणाऱ्या मुलाचा फोटोही आहे. त्या मुलाने परत आल्यावर गॅपचं, म्हणजे मधलं वर्ष का गेलं याचं, कॉलेजला द्यायचं प्रतिज्ञापत्र कुठे केलं, तेवढं मात्र लेखात आलं नाही.

मी पंढरपूरची. २०२४ ला कॉमर्समधून बारावी झाले. त्याच सुमारास आईचं ऑपरेशन झालं आणि आमचं प्रासादिक वस्तूंचं दुकान माझ्या अंगावर आलं. चुरमुरे, बत्तासे, बुक्का, तुळशीच्या माळा. आषाढी, कार्तिकी, माघी, चैत्री, चारही वाऱ्या गल्ल्यावर काढल्या. पावसाळ्यात चुरमुऱ्याचं पोतं जमिनीवर टेकवलं की सकाळपर्यंत सादळतं, बुक्का घाऊकमध्ये घेताना आधी बोटावर चोळून बघायचा, उधारी कोणाला द्यायची आणि कोण येताना दिसलं की हिशेबाच्या वहीत डोकं घालायचं, हे सगळं त्या वर्षात शिकले. आता आई पुन्हा दुकानात बसायला लागली, म्हणून बी. कॉम.ला अर्ज केला.

खिडकीवरच्या क्लार्कसाहेबांनी मार्कशीट बघितली, वरचं साल बघितलं आणि डॉक्टर ‘गाठ आहे’ म्हणतात तशा आवाजात म्हणाले, “गॅप आहे.” मग पुढचा प्रश्न, “लग्न ठरलं होतं का?” नाही म्हटलं. “मग वर्षभर केलंस काय?” दुकान सांभाळलं, असं सांगितलं. “म्हणजे काहीच नाही.” माझ्या मागचा मुलगाही गॅपवालाच होता. लातूरला मेडिकलची ‘नीट’ परीक्षा रिपीट करून आला होता, आता बी. एस्सी.ला. त्याला “अरेरे, थोडक्यात हुकलं का रे?” असं विचारून बसायला खुर्ची दिली. प्रतिज्ञापत्र दोघांनाही सांगितलं हे खरं, पण खुर्ची एकालाच.

प्रतिज्ञापत्र पाचशेच्या बॉण्डवर आणि वर नोटरी. मी म्हटलं, सर, महसूलमंत्री बावनकुळे यांनी मार्च २०२५ मध्येच जाहीर केलंय की दाखल्यांच्या प्रतिज्ञापत्राला स्टॅम्प लागणार नाही, साध्या कागदावर चालेल. साहेब म्हणाले, “त्यात जातीचा आहे, उत्पन्नाचा आहे, रहिवासी आहे. गॅप कुठंय दाखव. आणि आम्ही काय सरकारी कार्यालय आहोत का?” अनुदान घेताना आपण कोण असता, हे अगदी ओठावर आलं होतं. पण प्रवेश घ्यायचा होता. शासकीय कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्रांना ही माफी २००४ पासूनच आहे. ती इतक्या वर्षांत आमच्या खिडकीपर्यंत पोचली नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये स्टॅम्पचे शंभराचे पाचशे झाले, ते मात्र बरोबर पोचलं.

तहसीलसमोरच्या टायपिस्टकाकांकडे मजकूर तयारच असतो, फक्त नाव आणि साल बदलायचं. “कारण घरगुती अडचण टाकतो,” म्हणाले. मी म्हटलं, दुकान चालवत होते असं टाका ना. “पोरी, दुकान टाकलंस तर उद्या शॉप ॲक्ट मागतील. घरगुतीला कोणी पुरावा मागत नाही.” त्यामुळे सदर कालावधीत मी घरगुती अडचणीमुळे घरीच होते, असं सत्यप्रतिज्ञेवर लिहून दिलं आहे. खाली तंबी अशी, की मजकूर खोटा आढळल्यास भारतीय दंड विधान कलम १९३, १९९ व २०० अन्वये शिक्षेस पात्र राहीन. दंड विधान १ जुलै २०२४ लाच गेलं, त्याजागी भारतीय न्याय संहिता आली. आपणच तेव्हा पानभर छापलं होतं. म्हणजे सरळ खरं सांगणाऱ्या मुलीकडून खोटं लिहून घ्यायचं आणि ते खोटं निघालं तर रद्द झालेल्या कायद्याने शिक्षा करायची. नोटरीसाहेबांनी यातलं अक्षरही न वाचता शिक्का मारला. त्यांची फी वेगळी.

याच कॉलेजच्या पोर्चमध्ये नव्या शैक्षणिक धोरणाचा मोठा फ्लेक्स लावलाय. एक वर्ष शिकून सोडलं तर सर्टिफिकेट, दोन वर्षांनी डिप्लोमा, मधेच बाहेर पडा, पुन्हा या, तुमची क्रेडिट्स बँकेत जमा राहतील. आत येऊन मधेच सोडणाऱ्यासाठी एवढी सोय, आणि आत यायच्या आधी वर्षभर थांबलेल्याला नोटरी! कोणा प्राध्यापकांनी हे उलगडून सांगितलं तर आभारी राहीन.

लेखकमहोदयांवर राग नाही, त्यांनी जरूर डोंगर चढावेत. आपल्याला विनंती इतकीच, की बावनकुळे साहेबांच्या त्या निर्णयाची एक चौकट छापा. आदेशाचा क्रमांक, तारीख, आणि गॅपचं प्रतिज्ञापत्र त्यात बसतं की नाही ते स्पष्ट लिहा. कात्रण काढून खिडकीवर दाखवता येईल. माझे पाचशे गेले ते गेले, मागून येणाऱ्यांचे तरी वाचतील.

आणि लिहितेच आहे तर अजून एक. ‘अर्ज भरण्याचा आज शेवटचा दिवस’ ही बातमी आपण त्याच दिवशी छापता. आषाढी तोंडावर आली की आमच्या गल्लीत गर्दीतून पेपर यायलाच दुपार होते, मग ती वाचून उपयोग काय? निकालाच्या दुसऱ्या दिवशी मात्र पहिलं अख्खं पान क्लासच्या जाहिरातींना. यंदा एकच मुलगी दोन वेगवेगळ्या क्लासची टॉपर म्हणून झळकली, फोटोसुद्धा तोच. ती नेमकी कुठल्या क्लासला जात होती, तेवढं तरी छापा.

आपली,
एक वाचक, पंढरपूर
(कृपया नाव छापू नये. प्रवेश अजून कन्फर्म व्हायचा आहे.)