डॉनकास्टर बेल्सच्या इतिहासासाठी मंडळाचं आवाहन

सप्रेम नमस्कार,

यंदा गणपतीच्या वर्गणीबरोबर मंडळ आणखी एक वर्गणी मागत आहे. आपण राहतो त्या डॉनकास्टरमध्ये १९६९ पासून बायकांचा एक फुटबॉल क्लब आहे, डॉनकास्टर बेल्स. आजचं पूर्ण नाव डॉनकास्टर रोव्हर्स बेल्स. या क्लबची जुनी कात्रणं, फोटो, सामन्यांच्या पुस्तिका जिथे जिथे सापडतील तिथून गोळा करायच्या, स्कॅन करायच्या, मूळ मालकाला परत करायच्या आणि त्यातून मराठी-इंग्रजी असं एक छोटं प्रदर्शन उभं करायचं, असं कार्यकारिणीने ठरवलं आहे. पैसे लागतीलच, पण माणसं त्याहून जास्त लागतील.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. हे आवाहन मंडळाचं आहे. क्लबने आपल्याकडे काही मागितलेलं नाही, आणि जमलेली रक्कम क्लबकडे जाणार नाही. ती फक्त या कामावर खर्च होईल.

बैठकीत पहिला प्रश्न अपेक्षेप्रमाणे आला: मराठी मंडळाचा आणि फुटबॉलचा संबंध काय? उत्तर मैदानाच्या कडेलाच उभं असतं. आपल्यापैकी कितीतरी आईबाप शनिवारी सकाळी कानटोपी घालून, थर्मास घेऊन मुलींचे सामने बघत गारठत असतात. या मुलींना मेरी अर्प्स ठाऊक आहे, मिली ब्राइट ठाऊक आहे. त्या दोघी आणि बेथ इंग्लंड, २०२२ ची युरोपियन स्पर्धा जिंकणाऱ्या इंग्लंडच्या चमूतल्या या तिघीही आधी बेल्सकडून खेळलेल्या आहेत, हे मात्र घरात सांगितलं तर मुली आपल्याकडेच संशयाने बघतात. कारण आज बेल्सचं नाव टीव्हीवर दिसत नाही. तो क्लब खालच्या स्तरावर खेळतो, आणि तिथे तो कसा पोहोचला हे आपल्यालाही नीट माहीत नसतं.

म्हणून थोडं विस्ताराने लिहितो.

बेल व्ह्यू हे रोव्हर्सचं, म्हणजे इथल्या पुरुषांच्या क्लबचं जुनं मैदान, रेसकोर्सच्या शेजारचं. साठच्या दशकाच्या अखेरीस तिथे सामन्याच्या दिवशी काही तरुणी प्रेक्षकांत फिरून ‘गोल्डन गोल’ची तिकिटं विकायच्या. घडी घातलेल्या तिकिटाच्या आत एक वेळ छापलेली असायची, मिनिटं आणि सेकंदांसकट. सामन्यातला पहिला गोल बरोबर त्या क्षणाला पडला की तिकीटवाल्याला बक्षीस, आणि उरलेले पैसे क्लबच्या गल्ल्यात. १९६९ मध्ये तिकिटं विकणाऱ्या या मुलींनी ठरवलं की आता आपणच खेळायचं. पुढाकार घेणाऱ्यांत शीला स्टॉक्स होती. मैदानावरून संघाचं नाव पडलं बेल व्ह्यू बेल्स, आणि पुढे झालं डॉनकास्टर बेल्स.

तेव्हा इंग्लंडमध्ये बायकांच्या फुटबॉलवरची बंदी अजून पुरती उठायची होती. ही बंदी काय होती ते थोडक्यात. पहिल्या महायुद्धात दारूगोळ्याच्या आणि यंत्रांच्या कारखान्यांत बायका कामाला लागल्या, तिथे त्यांचे संघ तयार झाले आणि धर्मादाय कामांसाठी पैसे उभे करण्याकरता त्यांचे सामने होऊ लागले. प्रेस्टनच्या ‘डिक, कर’ नावाच्या कारखान्यातल्या मुलींचा संघ सर्वांत गाजलेला. २६ डिसेंबर १९२० ला लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर त्यांचा सेंट हेलेन्सच्या मुलींशी सामना झाला, तेव्हा ५३,००० प्रेक्षक आत होते आणि हजारो जण बाहेर राहिले. वर्षभरातच, ५ डिसेंबर १९२१ ला, इंग्लंडमधला फुटबॉल चालवणाऱ्या फुटबॉल असोसिएशनने आपल्या सभासद क्लबांना फर्मावलं की बायकांच्या सामन्यांना मैदान द्यायचं नाही. कारणं दोन दिली. हा खेळ बायकांना सोसणारा नाही, हे एक. आणि सामन्यांतून जमणारा पैसा पुरेसा धर्मादाय कामाकडे जात नाही, हे दुसरं. हिशेबावर बोट ठेवून चांगलं चाललेलं काम बंद पाडण्याची कला फक्त आपल्याकडे आहे असा ज्यांचा समज असेल, त्यांनी तो दुरुस्त करावा.

ही बंदी जवळजवळ पन्नास वर्षं टिकली आणि सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला उठली. म्हणजे बेल्सच्या मुलींनी पहिल्यांदा बूट बांधले तेव्हा त्यांच्यासमोर चालत आलेली घडी नव्हती. स्पर्धा नव्याने बांधल्या जात होत्या आणि संघटना नुकती जन्मली होती. खेळणाऱ्यांना पैसे मिळणं दूरच, नोकरी सांभाळून खेळायचं आणि खर्चासाठी स्वतःच हातपाय हलवायचे. तिकिटं विकायची सवय इथे उपयोगी पडली असणार.

मग जे झालं त्याला तोड नाही. १९८३ मध्ये लिंकनच्या सिन्सिल बँक मैदानावर सेंट हेलेन्सला ३-२ असं हरवून बेल्सनी पहिल्यांदा बायकांचा राष्ट्रीय चषक जिंकला. तिथून १९९४ पर्यंतच्या १२ वर्षांत त्या ११ वेळा अंतिम सामन्यात होत्या. चषक आला सहा वेळा: १९८३, १९८७, १९८८, १९९०, १९९२ आणि १९९४. बायकांची राष्ट्रीय लीग १९९१ मध्ये सुरू झाली, ती पहिल्याच हंगामात बेल्सनी जिंकली. त्या वर्षी आणि पुन्हा १९९३-९४ मध्ये लीग आणि चषक दोन्ही डॉनकास्टरला आले. आकड्यांचा हा भाग इथेच आवरतो; ज्यांना गोडी आहे त्यांनी मंडळाच्या खजिनदारांना गाठावं, ते थांबत नाहीत.

दोन नावं मात्र सोडता येत नाहीत. गिलियन कोल्टार्ड वयाच्या तेराव्या वर्षी बेल्समध्ये आली. मधल्या फळीत खेळायची. इंग्लंडसाठी तिने ११९ सामने खेळले. शंभरी गाठणारी ती पहिली इंग्लिश महिला खेळाडू, आणि तीही हौशी. इंग्लंडच्या कप्तानपदावर असलेल्या बाईला सोमवारी सकाळी कामावर हजर राहावं लागायचं, हे आजच्या मुलींना सांगितलं की त्यांचे डोळे विस्फारतात. दुसरी कॅरन वॉकर. इंग्लंडसाठी ८३ सामने आणि ४० गोल, डोक्याने गोल मारण्यात वाघीण. १९९४ च्या अंतिम सामन्यात बेल्सनी नोझ्लीला १-० ने हरवलं, तो गोल तिचाच.

आता उतार. २०११ मध्ये फुटबॉल असोसिएशनने बायकांची सर्वांत वरच्या श्रेणीची नवी सुपर लीग काढली, त्यात बेल्स पहिल्या आठ संघांत होत्या. २०१३ चा हंगाम सुरू झाला, बेल्सचा पहिला सामना झाला आणि पाठोपाठ कळवण्यात आलं की पुढच्या वर्षी तुम्ही दुसऱ्या श्रेणीत. हंगामातले उरलेले सगळे सामने जिंकलात तरी. वरच्या श्रेणीतली जागा मँचेस्टर सिटीला देण्यात आली होती. असोसिएशनची बाजू अशी की जागा अर्ज मागवून दिल्या, आणि मैदानावरच्या निकालांबरोबर आर्थिक बळ, सुविधा, प्रेक्षक हेही पाहिलं. क्लबने अपील केलं, ते फेटाळलं गेलं. १९९१ पासून वरच्या श्रेणीतून एकदाही न घसरलेला संघ असा कागदावर खाली आला. कार्यकारिणीच्या मते हा अन्याय होता. मँचेस्टर सिटीचे चाहते असलेल्या एका सभासदांना हे मान्य नाही, तशी नोंद करायला त्यांनी सांगितलं आहे. वर्गणी त्यांनी दिली आहे.

बेल्स २०१५ मध्ये खेळून परत वर आल्या, पुढच्याच वर्षी पुन्हा खाली गेल्या. आणि मग २०१८. त्या वर्षी त्यांनी दुसरी श्रेणी जिंकली. अव्वल आल्या. त्याच उन्हाळ्यात क्लबने जाहीर केलं की नव्या रचनेत त्या श्रेणीत टिकण्याचा खर्च झेपत नाही, म्हणून माघार. विजेता संघ वर जाण्याऐवजी तिसऱ्या स्तरावर उतरला, चांगले खेळाडू पांगले आणि वर्षभरात चौथा स्तर आला. आम्ही बैठकीत हे वाचून दाखवलं तेव्हा कुणीतरी मागून म्हणालं, “म्हणजे पहिला नंबर आला आणि फी भरायला पैसे नाहीत म्हणून शाळा सुटली.” यापेक्षा नेमकं आम्हाला सांगता येणार नाही.

क्लब मेलेला नाही. मुली खेळतात, सामने होतात, गर्दी बेताची असते. पण १९६९ ते नव्वदच्या दशकापर्यंतचा जो काळ आहे, त्याची कागदपत्रं ठिकठिकाणी विखुरलेली आहेत. बायकांच्या सामन्याला वर्तमानपत्रात चार ओळी मिळायच्या. त्या चार ओळी कुणी कापून ठेवल्या, तर त्याच घरात शिल्लक.

आमच्या एका सभासद कुटुंबाच्या शेजारच्या आजी घर लहान करताना सामान काढत होत्या. त्यात एक चिकटवही निघाली. पानं तपकिरी झालेली, चिकटपट्टीचा गोंद वाळून कात्रणं सुटलेली, पट्टीच्या जागी मधासारखे पिवळे डाग. एका कात्रणात बेल्सचा चमू दोन रांगांत उभा आहे, नावं छापली आहेत आणि तारीख कापताना गेली आहे. आजींना चेहरे ओळखता आले, वर्ष सांगता आलं नाही. वही टाकायच्या ढिगात होती. अशा वह्या या भागात आणखी किती घरांत असतील आणि त्यांतल्या किती यंदाच्या उन्हाळ्यात कचऱ्यात जातील, या विचाराने हे काम सुरू झालं.

आपल्याकडून काय हवं आहे?

पैसे आधी सांगतो. घरटी दहा पौंड द्यावेत असं सुचवतो. कमी दिलेत तरी पावती तीच, जास्त दिलेत तरी आरतीत नाव वेगळं घेतलं जाणार नाही. खर्च चार गोष्टींवर होईल: कागद पिवळा न पाडणारी आम्लरहित पाकिटं आणि खोकी, प्रदर्शनाच्या फलकांची छपाई, सभागृहाचं एका दिवसाचं भाडं आणि चहा. स्कॅनर एका सभासदांनी वापरायला दिला आहे. रक्कम मंडळाच्या नेहमीच्या खात्यावर पाठवा आणि संदर्भात ‘बेल्स’ लिहा, म्हणजे गणपतीच्या पैशांत मिसळणार नाही. हिशेब वार्षिक सभेत वाचला जाईल. उरलं तर काय करायचं ते सभाच ठरवेल.

मग हात. स्कॅनिंग हे कंटाळवाणं काम आहे, दहावी-अकरावीच्या मुलामुलींना शनिवारी दोन तास बसवता येईल. मथळे मराठीत आणि इंग्रजीत लिहायला चार माणसं हवीत. आणि ज्यांना यॉर्कशायरची बोली चांगली कळते असे दोन-तीन जण तर हवेतच, कारण जुन्या प्रेक्षकांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करायच्या आहेत. इथल्या रुग्णालयात वर्षानुवर्षं काम केलेले आपले डॉक्टर आणि परिचारिका यात सगळ्यांत तरबेज, त्यांनी लाजू नये. ज्यांचं बोलणं घेऊ त्यांची लेखी परवानगी घेतली जाईल, फोटोंचंही तसंच. वर्तमानपत्रांची कात्रणं हक्कांच्या अडचणीमुळे इंटरनेटवर टाकणार नाही. फलकांवरचा मजकूर आपण स्वतः लिहू.

तिसरी गोष्ट सगळ्यांत सोपी. तुमच्या शेजाऱ्यांना विचारा. खाणीत, रेल्वेच्या कारखान्यात आयुष्य काढलेली माणसं आपल्या गल्लीत आहेत. त्यांच्या बहिणी, मुली, सहकारी यांपैकी कुणी बेल्सकडून खेळलं असेल, किंवा बेल व्ह्यूवर गोल्डन गोलची तिकिटं घेतली असतील. ते न फाडलेलं तिकीट जर कुणाच्या खणात निघालं, तर खजिनदार त्यांच्या घरी स्वतः पुरणपोळी घेऊन जातील, असं त्यांनी सगळ्यांसमोर कबूल केलं आहे.

बेल्सच्या घरच्या सामन्यांनाही मुलींना घेऊन जाऊ या. तिकीट ज्याने त्याने काढायचं. हंगामाचं वेळापत्रक लागलं की मंडळाच्या गटावर कळवू.

कागद आणून देणाऱ्यांसाठी सूचना: चिकटवही असेल तर तशीच आणा, चिकटपट्टी सोलायचा प्रयत्न करू नका, शाई तिच्याबरोबर निघते. सुटे फोटो प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबू नका, साध्या कागदी पाकिटात ठेवा. फोटोतली माणसं ओळखत असाल तर नावं फोटोमागे पेनने न लिहिता वेगळ्या कागदावर लिहा. पाकिटावर तुमचं नाव आणि वस्तू परत हवी आहे की नाही ते लिहून मंडळाच्या मासिक बैठकीत चिटणीसांकडे द्या. ज्यांना बैठकीला येणं जमत नाही त्यांच्याकडून आम्ही घरी येऊन घेऊ.

आपली,
मंडळाची कार्यकारिणी