मोकळ्या तळघरासाठी स्पीकर निवडून देणाऱ्या ताईंना आभारपत्र

आदरणीय ताई,

सादर नमस्कार.

आमच्या तळघरातील होम थिएटरचे काम पूर्ण झाले असून, त्यासाठी तुम्ही दिलेल्या वेळाबद्दल आणि मार्गदर्शनाबद्दल मनःपूर्वक आभार मानण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. ते खुले ठेवण्यामागे हेतू एवढाच की, मोठ्या आणि एका बाजूने मोकळ्या असलेल्या खोलीसाठी स्पीकर निवडण्याची वेळ ज्यांच्यावर येईल, त्यांनाही तुम्ही मला समजावलेला हिशोब उपयोगी पडावा. बंद, चौकोनी खोलीबद्दल सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. परंतु जिना उघडा, एका बाजूला भिंतच नाही आणि छत बुटके, अशा जागेबद्दल नेमके सांगणारे फार थोडे असतात.

स्पीकर कोणते घ्यावेत, या माझ्या पहिल्या प्रश्नावर तुम्ही एकाही स्पीकरचे नाव घेतले नाही. आधी मापे मागवली, आणि तीही केवळ बैठकीच्या भागाची नव्हे, तर जिन्याच्या तोंडापर्यंत पसरलेल्या संपूर्ण तळघराची. पडदा आणि बैठक असलेला भाग ७ मीटर लांब, ६ मीटर रुंद आणि २.४ मीटर उंच, म्हणजे सुमारे १०० घनमीटरचा आहे. परंतु मध्ये भिंत नसल्यामुळे आवाजाला मोकळे असलेले तळघर १४ मीटर बाय ९ मीटर, म्हणजे सुमारे ३०० घनमीटरचे भरते. संवादांसाठी आणि वरच्या स्वरांसाठी बैठकीचे अंतर पाहायचे, खर्जासाठी मात्र संपूर्ण तळघराचे घनफळ, हा भेद तुम्ही सुरुवातीलाच स्पष्ट केला, आणि पुढची सगळी निवड त्या एका भेदावर उभी राहिली.

आमची मुख्य रांग पडद्यापासून ४.५ मीटरवर आहे. मोकळ्या हवेत अंतर दुप्पट झाले की आवाज ६ डेसिबलने उतरतो, त्यामुळे १ मीटरवर मोजलेला आवाज ४.५ मीटरवर पोचेपर्यंत सुमारे १३ डेसिबल गमावतो. बंद खोलीत भिंतींवरून परतणारा आवाज यातला काही भाग भरून काढतो. एक बाजू मोकळी असली की ही भरपाई कमी होते, म्हणून तुम्ही मोकळ्या हवेचाच आकडा धरला. चित्रपटगृहाच्या संदर्भ पातळीनुसार प्रत्येक मुख्य स्पीकरकडून ऐकणाऱ्याच्या जागी १०५ डेसिबलपर्यंतची क्षणिक शिखरे अपेक्षित असतात. आम्ही घरी त्याहून १० डेसिबल खालीच ऐकणार हे ठरल्यावर आमचे लक्ष्य ९५ डेसिबलवर आले. ते गाठण्यासाठी ८७ डेसिबल संवेदनशीलतेच्या, म्हणजे १ वॅटमध्ये १ मीटरवर ८७ डेसिबल आवाज देणाऱ्या, स्पीकरला सुमारे १२५ वॅट लागतात, आणि ९५ डेसिबल संवेदनशीलतेच्या स्पीकरला तेच काम २० वॅटमध्ये जमते. पूर्ण संदर्भ पातळी गाठायची झाली तर पहिल्याला १२५० वॅटच्या आसपास शक्ती द्यावी लागेल, दुसऱ्याला २०० वॅट पुरतील. हा हिशोब तुम्ही वहीच्या एका पानावर, प्रत्येक पायरी वेगळ्या ओळीत लिहून मांडून दिला होता, आणि त्यातील अंतराच्या जागी आपले अंतर घातले की तो कोणत्याही खोलीला लागू पडतो.

मोठ्या खोलीसाठी वॅटच्या आकड्याआधी संवेदनशीलतेचा आकडा वाचावा, असे मला आता ठामपणे वाटते. आवाज केवळ ३ डेसिबलने वाढवायचा तरी शक्ती दुप्पट करावी लागते, म्हणजे १०० वॅटच्या जागी २०० वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर आणूनही पदरात फार थोडे पडते. शिवाय जास्त शक्ती सतत दिली की स्पीकरमधील तारेचे वेटोळे तापते, त्याचा रोध वाढतो आणि कागदावर अपेक्षित असलेला आवाज प्रत्यक्षात निघत नाही. संवेदनशीलतेचा आकडासुद्धा रोधासोबतच वाचायचा असतो, हे तुम्ही आवर्जून सांगितले. ही चाचणी बहुधा २.८३ व्होल्टवर होते. ८ ओहमच्या स्पीकरला त्या दाबाने १ वॅट मिळतो, तर ४ ओहमच्या स्पीकरला २ वॅट, त्यामुळे ४ ओहमच्या स्पीकरचा आकडा ३ डेसिबलने अधिक दिसतो. दोन माहितीपत्रके शेजारी ठेवून तुम्ही ही तफावत दाखवली, तेव्हा सरस वाटणारा स्पीकर प्रत्यक्षात दुसऱ्याच्या बरोबरीचा निघाला.

एवढी संवेदनशीलता हवी म्हटल्यावर हॉर्न असलेले, म्हणजे कर्ण्यासारख्या तोंडाचे, स्पीकर समोर आले, आणि हॉर्नचा आवाज कानाला टोचतो ही शंका घरातल्या सर्वांनीच बोलून दाखवली. तुम्ही ती उडवून लावली नाही. ध्वनिसंशोधक फ्लॉईड टूल यांनी कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेत आणि नंतर हरमन कंपनीत केलेल्या कामाचा दाखला देऊन तुम्ही समजावले की, स्पीकर नजरेआड ठेवून घेतलेल्या चाचण्यांमध्ये श्रोत्यांची पसंती समोरून सपाट आणि बाजूंनाही एकसारखा उतरत जाणारा प्रतिसाद असलेल्या स्पीकरला मिळते. हॉर्न आहे की नाही, यापेक्षा तो बाजूंना आवाज किती समतोलपणे पसरवतो हे महत्त्वाचे. वेगवेगळ्या कोनांतून घेतलेल्या मोजमापांचे आलेख ज्यांचे उपलब्ध होते, अशाच स्पीकरांचा आपण विचार केला. शेवटी निवडलेल्या जोडीचा हॉर्न आवाजाचा पसारा आटोक्यात ठेवतो, त्यामुळे बुटक्या छतावर आणि उजव्या भिंतीवर आदळणारा आवाजही कमी झाला.

मधल्या स्पीकरबद्दल तुमचा आग्रह मला सर्वांत मोलाचा वाटतो. चित्रपटातील बहुतेक संवाद त्याच्याकडून येतात, आणि आमच्या रुंद बैठकीत टोकाला बसणारी माणसे त्याच्या समोरच्या रेषेपासून सुमारे ३० अंशांवर असतात. आडव्या पेटीत दोन मध्यस्वरी शंकू एकमेकांपासून ३५ सेंटिमीटरवर असतील, तर ३० अंशांवरच्या कानापर्यंत एकाचा आवाज दुसऱ्यापेक्षा साडेसतरा सेंटिमीटर अधिक वाट चालून पोचतो. साधारण १००० हर्ट्झच्या आसपास हे अंतर अर्ध्या तरंगलांबीएवढे होते आणि दोन्ही आवाज एकमेकांना खोडून काढतात. नेमक्या याच पट्ट्यात बोलण्याची स्पष्टता असते. म्हणून तुम्ही आवाज आरपार जाऊ देणारा पडदा सुचवला, आणि त्यामागे डाव्या-उजव्यासारखाच तिसरा स्पीकर उभा बसवायला लावला. कडेला बसणाऱ्या माझ्या आईला आता कुजबुजीतले संवादही कळतात, आणि आवाज वाढवण्याची सूचना तिच्याकडून येत नाही. यासाठी मी तुमचा विशेष ऋणी आहे.

खर्जाचा प्रश्न मात्र याहून कठीण होता. चार मीटर लांबीच्या बंद खोलीत पहिला अनुनाद, म्हणजे खोलीच्या मापामुळे घुमणारा स्वर, सुमारे ४३ हर्ट्झवर येतो आणि त्याच्या खाली संपूर्ण खोलीतील हवा एकत्र दाबली जाऊन खर्जाला फुकटची मदत मिळते. आमच्या १४ मीटरच्या तळघरात ही सीमा १२ हर्ट्झपर्यंत खाली जाते, वर जिना उघडा, म्हणजे ऐकू येणाऱ्या पट्ट्यात खोलीकडून अशी मदत नाहीच. जे काही करायचे ते सबवूफरनेच, म्हणजे फक्त खर्ज वाजवणाऱ्या वेगळ्या स्पीकरनेच. त्यातही आवाज एक सप्तक खाली न्यायचा, म्हणजे ४० हर्ट्झऐवजी २० हर्ट्झ तेवढ्याच जोराने वाजवायचा, तर चौपट हवा हलवावी लागते. ही चौपट समजल्यावर १० इंची आणि १५ इंची शंकूंतील निवडीची चर्चा तिथेच थांबली, कारण मोठ्या शंकूचे क्षेत्रफळच सव्वादोन पट असते.

सबवूफरची बंद पेटी की पोर्ट, म्हणजे हवेसाठी नळीसारखे तोंड, असलेली पेटी, यावर तुम्ही दोन्ही बाजू प्रामाणिकपणे मांडल्या. पोर्ट त्याच्या ठरलेल्या स्वराजवळ मोठी मदत करतो, पण त्याच्या खाली आवाज प्रत्येक सप्तकाला २४ डेसिबलने कोसळतो. बंद पेटी १२ डेसिबलने, सावकाश उतरते. लहान खोलीत हा सावकाश उतार खोलीच्या मदतीने भरून निघतो. आमच्याकडे तशी मदत नसल्याने, १८ हर्ट्झच्या आसपास जुळवलेले पोर्टचे दोन सबवूफर घेण्याचा तुमचा निर्णय मला पूर्णपणे पटला. पेट्या आकाराने अवाढव्य आहेत, पण तळघरात जागेची चणचण नव्हती.

एकाऐवजी दोन सबवूफर घेण्यामागचे कारण केवळ जोर हे नव्हते. भिंतींमध्ये उभ्या राहणाऱ्या तरंगांमुळे एका खुर्चीवर खर्ज घुमतो आणि शेजारच्या खुर्चीवर नाहीसा होतो. दोन योग्य जागांवरून वाजवल्यास हा फरक कमी होतो. टॉड वेल्टी यांनी २००२ साली हरमनमधील संशोधनातून सबवूफरच्या संख्येचा आणि जागांचा जो अभ्यास मांडला, तो आयताकृती बंद खोल्यांचा होता, आणि त्यातील भिंतींच्या मध्यबिंदूंची सूचना आमच्या मोकळ्या जागेत जशीच्या तशी लावू नये, असे तुम्ही बजावले. त्याऐवजी सबवूफर मुख्य आसनाच्या जागी ठेवून, २० ते १०० हर्ट्झचे स्वर हळूहळू चढवत, तुम्ही स्वतः मायक्रोफोन हातात धरून भिंतींच्या कडेने जमिनीलगत प्रत्येक जागा तपासली. जिथे आलेख सर्वांत सपाट आला, त्या दोन जागा खडूने आखून दिल्या. त्यांतील एक जागा जिन्याच्या कठड्याजवळ आहे, जी आम्हाला कधीही सुचली नसती. गुडघे टेकून एवढा वेळ केलेले ते काम तुम्ही एखाद्या मदतनिसावर सोपवू शकला असता. ते स्वतः केले, याची जाणीव आम्हा सर्वांना आहे.

उजवीकडे काँक्रीटची भिंत आणि डावीकडे काहीच नाही, या विषमतेमुळे आवाजाचे चित्र उजवीकडे ओढले जात होते. भिंतीवर आरसा सरकवत, बसल्या जागेवरून स्पीकर आरशात दिसेल ती जागा शोधण्याची तुमची पद्धत साधी आणि अचूक आहे. त्या जागी १० सेंटिमीटर जाडीचे ग्लासवूलचे फलक भिंतीपासून तेवढेच सुटे ठेवून लावल्यावर उजवी बाजू डावीसारखीच वागू लागली. गालिच्याने हे काम झाले नसते, कारण पातळ गालिचा फक्त वरचे स्वर शोषतो आणि खालचे तसेच सोडून देतो. डाव्या सराउंड, म्हणजे मागून आवाज देणाऱ्या, स्पीकरला भिंत नव्हती म्हणून तो स्टँडवर आला. उजवीकडे भिंत असूनही तुम्ही तोही त्याच उंचीच्या स्टँडवर ठेवायला लावला, त्यामुळे मागून येणारा आवाज दोन्हीकडून सारखा लागतो.

डॉल्बी अ‍ॅटमॉसचे, म्हणजे डोक्यावरूनही आवाज देणाऱ्या रचनेचे, वरचे स्पीकर छतातच बसवले. छतावरून आवाज परतवणाऱ्या स्पीकरांना आमच्या छताच्या आडव्या तुळया आड आल्या असत्या. बसलेल्या माणसाचे कान जमिनीपासून साधारण १ मीटरवर धरले, तर २.४ मीटरच्या छतात ४५ अंशांचा कोन साधण्यासाठी स्पीकर १.४ मीटर पुढे आणि तेवढेच मागे बसतात, म्हणजे कानापासून जेमतेम २ मीटरवर. म्हणून तिथे लहान पण आवाज रुंद पसरवणारे स्पीकर पुरले, आणि त्यातून वाचलेली रक्कम तुम्ही सबवूफरकडे वळवली. लांबच्या सराउंडसाठी २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार, आणि ओल लागू नये म्हणून सबवूफरच्या पेट्यांखाली रबरी पाय, या दोन सूचनाही आम्ही तंतोतंत पाळल्या आहेत.

ताई, तुम्ही हे सारे कोणत्याही विक्रीशी संबंध नसताना, केवळ ओळखीखातर आणि विषयाच्या आस्थेपोटी केले. महागड्या पर्यायाची गरज नव्हती तिथे तसे स्पष्ट सांगितले, आणि सबवूफरवर खर्च करण्यास मी कचरत होतो तिथे आकडे मांडून धीर दिला. तुमच्या या मदतीबद्दल मी, माझी पत्नी, आई आणि मुले, सर्वजण तुमचे अंतःकरणपूर्वक आभारी आहोत.

एक विनंती आहे. मागच्या रांगेत ३८ हर्ट्झच्या आसपास खर्ज अजून थोडा उणा पडतो. तळघराच्या ९ मीटर रुंदीचा दुसरा अनुनाद तिथेच येतो, हे तुम्ही शिकवलेल्या हिशोबाने मी पडताळून पाहिले आहे. दुसऱ्या सबवूफरचा विलंब बदलून तो भरून निघेल की रांगच थोडी पुढे घ्यावी, हे सवडीने येऊन ऐकून सांगितले, तर बरे होईल.

कळावे, लोभ असावा.

आपला कृतज्ञ