वाळवंटात एकट्याने निघताना

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

दिवाळी सरली की कोल्हापुरातून राजस्थानात जैसलमेर आणि त्यापुढे सीमेलगतच्या तनोट, लोंगेवालाकडे एकट्याने गाडी काढणाऱ्या तरुणांची तयारी सुरू होते. गाडीचा नाद आपल्या गावाला जुनाच, आणि तो मार्ग बघण्यासारखा आहेच. पण निघण्याआधी गॅरेजमध्ये करून घेतली जाणारी कामे म्हणजे फॉग लाइट, कॅरिअर आणि सायलेन्सर. जैसलमेर सोडून तनोटच्या वाटेवरच्या रामगडच्या पुढे गेले की यातले काहीच कामाला येत नाही. तिथे कामाला येते ती प्लायवुडची एक फळी.

त्या रस्त्याची साइडपट्टी वाळूची असते. पंक्चर झालेली गाडी कडेला घेऊन जॅक लावला की गाडी वर येण्याऐवजी जॅकच खाली रुततो, तिरका होतो आणि निसटतो. 18 मिलिमीटर जाडीचा, फूटभर लांब-रुंद तुकडा जॅकखाली ठेवला की वजन पसरते. उद्यमनगरात असा तुकडा कुठेही कापून मिळेल. दुसरे म्हणजे चाकाचे नट घरीच एकदा सोडवून बघावेत. दुकानात ते हवेच्या गनने आवळलेले असतात आणि गाडीसोबत आलेल्या आखूड पान्याने हलत नाहीत. पान्यावर बसेल असा दीड फूट पाइप सोबत असला की एकट्याचे काम होते. स्टेपनीतली हवाही तेव्हाच तपासावी.

हवेबद्दल मोठा गैरसमज आहे. वाळवंट म्हणजे ऊन, म्हणून टायरमध्ये हवा कमी ठेवायची, असे अनेकजण सांगतात. हे उलट आहे. हवा कमी असली की टायरची बाजूची भिंत प्रत्येक फेऱ्याला जास्त दबते, त्यातून उष्णता वाढते आणि सरळ रस्त्यावर ताशी शंभरच्या वेगात टायर फुटतो. त्यात कोल्हापुरात दुपारी 30 अंशांत 33 पीएसआय (हवेच्या दाबाचे माप) भरलेली हवा जैसलमेरच्या थंडीत सकाळी 8 अंशांत तीन-साडेतीन पीएसआयने कमी भरते. म्हणून हवा मोजायचे गेज जवळ ठेवून रोज सकाळी, गाडी हलवण्याआधी, कंपनीने दिलेल्या आकड्याइतकी हवा करावी. दुपारी तापलेल्या टायरमधली वाढीव हवा काढू नये.

हवा कमी करायची ती फक्त गाडी वाळूत रुतल्यावर. चाक फिरत राहिले की ते स्वतःसाठी खड्डा खणते, म्हणून पहिल्या झटक्यालाच ॲक्सिलरेटर सोडावा. चारही चाकांच्या मागची आणि पोटाखालची वाळू हाताने ओढावी, हवा 18 ते 20 पीएसआयवर आणावी आणि आलेल्या चाकोरीतूनच रिव्हर्सने सावकाश बाहेर यावे. डांबरावर आल्यावर 12 व्होल्टच्या पंपाने लगेच हवा भरावी. हा पंप नसेल तर हवा सोडूच नये.

मोटरसायकलवाल्यांनी टायर ट्यूबचा आहे की ट्यूबलेस, हे आधी बघावे. तारांच्या चाकात बहुधा ट्यूब असते आणि तिथे ट्यूबलेसचे पंक्चर किट निरुपयोगी. दोन्ही मापांच्या ट्यूब, टायर लिव्हर, पंप आणि मागच्या चाकाच्या ॲक्सलला बसणारा पाना हवा. चेनला तेल कमी लावून कापडाने पुसून घ्यावे, नाहीतर त्यावर वाळू चिकटून चेन घासली जाते. वाऱ्याने रस्त्यावर आलेल्या वाळूच्या पट्ट्यावर पुढचा ब्रेक लावला की गाडी आडवी होते. वेग पट्ट्याच्या आधीच उतरवावा आणि हँडल सरळ ठेवावे.

सूर्य मावळल्यावर गाडी चालवू नये. उंटाचे डोळे हेडलाइटच्या झोतापेक्षा वर असतात, त्यामुळे गाय-म्हशीसारखे ते लांबून चमकत नाहीत. कार त्याच्या पायांना धडकते आणि सगळे धूड काचेवर येते.

जैसलमेर ते रामगड सुमारे 65 किलोमीटर. तिथून तनोट, लोंगेवाला आणि परत रामगड असा फेरा सव्वाशे-दीडशेचा होतो. टाकी रामगडलाच भरावी. पेट्रोल प्लास्टिकच्या बाटल्यांतून नेऊ नये. तनोटच्या पुढे सीमेकडे जायला सीमा सुरक्षा दलाची परवानगी लागते.

पिण्याचे पाणी थंडीतही दिवसाला पाच लिटर धरावे, उन्हाळ्यात दुप्पट. आपल्याकडे घामाने शर्ट भिजतो म्हणून पाणी गेल्याचे कळते. तिथल्या कोरड्या हवेत घाम दिसायच्या आत वाळतो आणि तहान उशिरा लागते. लघवी गडद झाली की थांबून पाणी प्यावे. सोबत ओआरएस असावे. नसेल तर एक लिटर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. रेडिएटरसाठी दोन लिटर पाणी वेगळे ठेवावे, आणि गरम इंजिनावर त्याचे झाकण उघडू नये.

गाडी बंद पडली तर गाडी सोडून चालत निघू नये. माळावर उभी गाडी दुरून दिसते, माणूस दिसत नाही. तिच्या सावलीत बसावे, बॉनेट उघडे ठेवावे. रेंज असेल तर आणीबाणीचा 112 लावावा, राष्ट्रीय महामार्गावर मदतीचा 1033.

रेंज अनेक ठिकाणी नसते, म्हणून सगळ्यात महत्त्वाची गोष्ट घरी ठेवायची असते. कागदावर गाडीचा नंबर आणि रंग, त्या दिवसाचा रस्ता, मुक्कामाच्या हॉटेलचा फोन आणि एक वेळ लिहावी: ‘संध्याकाळी सातपर्यंत फोन नाही आला तर आधी हॉटेलला आणि आठ वाजता जैसलमेर पोलीस नियंत्रण कक्षाला कळवा.’ त्या कक्षाचा क्रमांकही त्यावरच हवा, कारण कोल्हापुरातून 112 लावला तर फोन महाराष्ट्रातल्या कक्षात जातो. रस्ता बदलला तर बदलण्याआधी घरी सांगावे. आई-वडिलांनी गाडीची चावी देताना हा कागद मागून घ्यावा.

आपल्या पर्यटन पुरवणीत तनोटच्या रस्त्याची छायाचित्रे छापाल तेव्हा शेजारी या कागदाचा कोरा नमुना छापावा, म्हणजे कापून भरता येईल, ही विनंती.

आपला,
एक वाहन कारागीर, शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर