ग्रंथी बाधित म्हणजे सारे संपले?

मूत्राशयाच्या कर्करोगावरील आपल्या आरोग्य पुरवणीतला लेख वाचला. ‘लसिकाग्रंथींत (लिम्फ नोड्स, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या छोट्या गाठींत) रोग पोहोचल्यावर शस्त्रक्रियेचा उपयोग नाही’ हे त्यातले सरसकट विधान पटले नाही. सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठातील डॉक्टरांनी २००१ मध्ये मूत्राशय काढलेल्या १,०५४ रुग्णांची आकडेवारी प्रसिद्ध केली. त्यातल्या ग्रंथी बाधित निघालेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश जणांत दहा वर्षांनंतरही रोग उलटला नव्हता. प्रमाण कमीच, पण दुर्लक्ष करण्याजोगे नक्कीच नाही. शिवाय बाधित ग्रंथी किती, यावरही बरेच अवलंबून असते. सीटी स्कॅनच्या अहवालात ‘ग्रंथी वाढलेली’ एवढे दिसले, की घरचे आधीच हाय खातात. त्यात असे लेख. शस्त्रक्रियेआधी सिस्प्लॅटिन हे औषध असलेली केमोथेरपी झेपणार असेल, तर जगण्याची शक्यता वाढते. त्याबद्दल लेखात एक ओळही नसावी?

– एक वाचक, सातारा